घाट चढून आलं की ऑइलची लाल लाईट लागते, परत परत लागते: माझ्या गाडीत काय निघालं आणि तुमच्या गाडीत काय तपासाल

गाडी चालू असताना मीटरवर ऑइलची लाल किटली (किटलीच्या आकाराचं चिन्ह) पेटली, तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. बाकी सगळं त्यानंतर. पुढच्या चौकात ओळखीचं गॅरेज आहे, तिथपर्यंत हळूहळू नेऊ, असं मनात येतंच. माझ्याही आलं होतं. इंजिनं बसतात ती अशाच दीड-दोन किलोमीटरांत.

माझी गाडी साधी आहे. २०१४ ची, १.२ लिटर पेट्रोल, २०२१ मध्ये सेकंडहँड घेतलेली. ताई कल्याणला असते, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी कसारा घाट होतो. एरवी नाशिकमध्येच, इंदिरानगर ते सातपूर एमआयडीसी आणि मुलीची शाळा, एवढंच. गेल्या जुलैपासून जानेवारीपर्यंत या गाडीत ऑइलची लाईट चार वेळा लागली. पहिल्या तीन वेळा इलाज झाले ते चुकीचे, चौथ्या वेळी खरं कारण हाती आलं. ज्यांच्या गाडीत ही लाईट लागते, विझते, महिनाभर गप्प राहते आणि पुन्हा लागते, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. लाईट कायम पेटून राहिली तर माणूस घाबरून काहीतरी करतो. येऊन-जाऊन असली की "सेन्सर असेल" म्हणून सोडून देतो, आणि नुकसान तिथेच होतं.

ही लाईट काय मोजते

किटली पेटली म्हणजे ऑइल कमी झालं, असा सर्रास समज आहे. मलाही तसंच वाटायचं. गोदावरीला पूर आला की आपण पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो: पाणी कमरेला लागलं, गळ्याशी आलं. ते पातळीचं माप झालं. लाल किटलीला पातळी कळत नाही. गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली असते आणि तरी खालच्या नळाला करंगळीएवढीच धार येते, ती अडचण ही लाईट दाखवते. इंजिनात टाकीच्या जागी चेंबर असतं, अगदी तळाशी. त्यातलं ऑइल एका जाळीतून पंप वर ओढतो, ते फिल्टरमधून क्रँक, कॅम, टॅपेट अशा फिरत्या-हलत्या भागांपर्यंत जातं. या वाटेवर अंगठ्याएवढा एक स्विच बसवलेला असतो. प्रेशर साधारण ०.३ ते ०.५ बारच्या (बार हे दाबाचं माप) खाली गेलं की तो लाईट पेटवतो. नेमका आकडा गाडीगाडीत वेगळा असतो.

तो आकडा किती छोटा आहे बघा. चांगल्या तब्येतीच्या इंजिनात, गरम असताना आणि नुसतं आयडलिंगला (म्हणजे रेस न देता), प्रेशर १ बारच्या आसपास किंवा वर असतं. रस्त्यावर पळताना ते ३-४ बारपर्यंत जातं. म्हणजे लाईट पेटते तेव्हा "जरा कमी झालंय, बघून घ्या" असा निरोप नसतो. तेव्हा जवळजवळ काहीच उरलेलं नसतं.

मी कंपनीत मापं घेण्याचं काम करतो, दिवसभर हातात मायक्रोमीटर असतो. क्रँक आणि त्याच्या बेअरिंगमधली फट दोन ते पाच शतांश मिलिमीटर असते. केसाची जाडीही त्याहून जास्त भरते. त्या फटीत ऑइलचा पडदा टिकून आहे तोवर धातू धातूला शिवत नाही. आयडलिंगलासुद्धा क्रँक सेकंदाला बारा-चौदा फेरे मारत असतो, त्यामुळे पडदा तुटला की बेअरिंग सोलून निघायला फार वेळ लागत नाही. टर्बोच्या गाडीत तर शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फिरतो. तिथे सगळ्यात आधी तोच जातो.

पिवळ्या किटलीचं वेगळं आहे. काही गाड्यांत पातळी मोजणारा वेगळा सेन्सर असतो आणि त्याची लाईट पिवळी असते. ती दिसली तर थांबून योग्य ऑइल टाकून पुढे जाता येतं. पान्याचं चिन्ह किंवा "ऑइल चेंज" असं लिहून आलं, तर ती नुसती सर्व्हिसची आठवण. या मजकुरात मी लाल किटलीबद्दलच बोलतोय.

रस्त्यात लागली तर

ॲक्सिलरेटर सोडा, पार्किंग लाईट (चारही इंडिकेटर) लावा, डावीकडे सरका. गाडी थांबली की लगेच इंजिन बंद. गाडी वेगात असताना मात्र इंजिन बंद करू नका, घाट उतरताना तर मुळीच नाही. इंजिन बंद झालं की स्टिअरिंग जड होतं, ब्रेकला दोन-तीन दाबांपुरतीच ताकद उरते आणि मग पेडल दगडासारखं लागतं. चावी पूर्ण मागे फिरली तर स्टिअरिंग लॉकही होतं. कसारा घाटात वळणावर थांबण्यापेक्षा पन्नास मीटर पुढची रुंद जागा गाठा. त्या दहा-पंधरा सेकंदांत इंजिनाला जो त्रास व्हायचा तो होऊ द्या, तुमच्या मागून भरलेला कंटेनर येतोय.

थांबल्यावर आधी गाडीखाली वाकून बघा. ऑइलची धार किंवा थारोळं दिसलं तर चेंबर फुटलंय किंवा ड्रेन बोल्ट सुटलाय. मग ती गाडी फक्त टो होणार, प्रश्नच नाही. खाली कोरडं असेल तर पाच-दहा मिनिटं थांबा म्हणजे वर गेलेलं ऑइल खाली उतरेल. जागा सपाट हवी. चढावर उभ्या गाडीत ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, म्हणजे डिपस्टिक, खोटं सांगते. डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा. दोन्ही बाजू बघा आणि जी बाजू कमी दाखवते तीच खरी धरा. छोट्या गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण पाऊण ते एक लिटरचा फरक असतो.

पट्टीवर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली असेल आणि जवळ योग्य ग्रेडचं ऑइल असेल, तर थोडं थोडं टाकून मधोमध आणा. मग गाडी चालू करा. लाईट दोन-तीन सेकंदांत विझली, इंजिनातून टकटक आली नाही, तर हळू चालवत गॅरेजला जा आणि ऑइल गेलं कुठे ते शोधा. ऑइल आपोआप कमी होत नाही. ते गळतं तरी किंवा जळतं तरी.

आणि पट्टीवर ऑइल व्यवस्थित असेल, तरी लाईट लागली असेल, तर चालू करून बघायचा मोह आवरा. पातळी बरोबर असून प्रेशर नाही, ही जास्त गंभीर अवस्था आहे. टो बोलवा. विमा पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स घेतला असेल, तर तो नंबर मोबाईलमध्ये आधीच सेव्ह करून ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा नंबर आहे.

माझ्या गाडीचे सात महिने

पहिली वेळ जुलैमध्ये. कल्याणहून येताना कसारा घाट भर पावसात, ट्रकांच्या मागे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढलो. इगतपुरी, घोटी, गोंदे, सगळं ठीक. मुंबई नाक्याच्या सिग्नलला उभा राहिलो आणि किटली लुकलुकली. जरा रेस दिली की विझायची, पाय काढला की परत. मी तेव्हा रेस देत देत घरी गेलो. हे करू नका. रेस दिल्याने पंप जोरात फिरतो आणि लाईट विझते खरी, पण बेअरिंगवरचा भारही त्याच हिशोबात वाढतो. लाईट विझली म्हणजे इंजिनाला पुरेसं ऑइल मिळतंय असं होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी बघितली, दोन खुणांच्या मध्ये होती. जवळच्या गॅरेजवाल्याने अर्धा लिटर ऑइल टाकलं आणि लाईट गेली. आम्हा दोघांनाही वाटलं की झालं. आज कळतं की ती ऑइल टाकल्यामुळे गेली नव्हती. इंदिरानगर ते सातपूर या रोजच्या फेरीत ऑइल धड तापतच नाही, आणि इंजिनाला लांब चढ ओढावा लागत नाही. ज्या परिस्थितीत बिघाड दिसतो ती परिस्थिती शहरात येतच नव्हती.

ऑगस्टमध्ये परत घाट, परत मुंबई नाका, परत लाईट. यावेळी स्विच बदलला. काहीशे रुपयांचं काम, अर्ध्या तासात झालं. जुना स्विच मी मागून घेतला होता, तो आजही माझ्याकडे आहे आणि तो चांगला आहे. स्विच खराब होतो, अगदी होतो. त्याच्या कनेक्टरमध्ये ऑइल पाझरलेलं दिसलं तर तो गेलाच समजा. पण तो खराब आहे हे सिद्ध केल्यावर बदलायचा असतो. इथे कोणी तपासलंच नव्हतं, आणि मीही विचारलं नाही.

सप्टेंबरमध्ये तिसऱ्यांदा. आता सांगण्यात आलं की गाडी जुनी झाली, बेअरिंग ढिली झाली असतील, दाट ऑइल टाकू. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० लिहिलंय, तिच्यात २०डब्ल्यू-५० गेलं. लाईट गायब! त्यानंतर दोन वेळा घाट चढलो तरी किटली दिसली नाही. मी खूश होतो. सगळ्यात धोकादायक इलाज हाच होता, कारण रोग तसाच राहिला आणि सांगणारी लाईट गप्प झाली.

डिसेंबरमध्ये थंडी पडली. निफाडकडे पारा उतरतो तसा नाशिकमध्येही पहाटे चांगलाच गारठा असतो. सकाळी सहाला गाडी चालू केली की किटली विझायला चार-पाच सेकंद लागायचे, आणि तोवर वरून टॅपेटचा कोरडा खडखडाट. पहिल्या दिवशी मी दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, ही रोज सकाळी डबा आपटल्यासारखी का वाजते?" तिला आवाज कळला, मला सवय झाली होती. थंड दाट ऑइल पंपाला ओढवत नव्हतं. काकवी स्ट्रॉने ओढावी तसं. त्यात माझ्या गाडीची स्ट्रॉ अर्धी बुजलेली होती, हे तेव्हा माहीत नव्हतं.

जानेवारीत कल्याणहून समृद्धीने परतत होतो. आमणे ते इगतपुरी हा शेवटचा टप्पा २०२५ च्या जूनमध्ये खुला झाल्यापासून कधीकधी तिकडून येतो. सतत शंभरच्या आसपास वेग, मध्ये कुठे थांबणं नाही. इगतपुरीचा लांबलचक बोगदा सोडून बाहेर आलो आणि किटली पेटली. यावेळी सिग्नलला उभा नव्हतो, इंजिन तीन हजारावर फिरत होतं. जिथे प्रेशर भरपूर असायला हवं तिथेच ते संपलं होतं. बाजूच्या पट्ट्यात घेऊन बंद केली, सगळ्यांना उतरवून रेलिंगच्या पलीकडे उभं केलं आणि टो बोलावला. दोन तास गेले. मुलगी थंडीने कुडकुडत होती, पण गाडी एक मीटरही चालवली नाही.

गेज लावल्यावर कळलं

यावेळी गाडी द्वारकेजवळच्या एका जुन्या मिस्त्रींकडे उतरवली. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी बोनेट उघडण्याआधी पंधरा मिनिटं फक्त प्रश्न विचारले. लाईट कधी लागते, गरम असताना की गार असताना? थांबल्यावर की पळताना? बंद करून परत चालू केली तर लगेच लागते की काही अंतराने? शेवटचा प्रश्न मला आधी कोणीच विचारला नव्हता. मी आठवून सांगितलं की घोटीला चहाला थांबलं की त्यानंतर कधीच लागत नाही, न थांबता आलं की मुंबई नाक्याला लागते. मामांनी मान हलवली. "भाऊ, स्विचला हात लावायचा नाही. गेज लावू."

प्रेशर स्विच काढून त्याच्या जागी नळीचं साधं मेकॅनिकल गेज बसवतात. घड्याळासारखी तबकडी, काटा, बारचे आकडे. त्यात वायर नाही, कॉम्प्युटर नाही, ऑइल स्वतःच काटा ढकलतं. गाडी पूर्ण तापवली, पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत. आयडलिंगला काटा ०.८ वर. मामांनी रेस दोन हजारावर नेली, काटा २ वर चढला. तीन हजारावर नेऊन धरून ठेवली. आधी काटा अडीचपर्यंत गेला, मग थरथरायला लागला, आणि आमच्या डोळ्यांदेखत हळूहळू खाली. दोन, दीड, एक. रेस तीच, काटा खाली. पाय काढल्यावर आयडलिंगला ०.३ आणि मीटरवर किटली. लगेच इंजिन बंद केलं. दहा मिनिटांनी परत चालू केलं तर काटा पुन्हा ०.८!

त्या दहा मिनिटांत सगळं उत्तर होतं. बेअरिंग झिजलेली असती तर आयडलिंगला प्रेशर कमी आणि रेस दिली की हळूहळू का होईना चढत गेलं असतं, थांबून परत चालू केल्याने काही फरक पडला नसता. इथे जास्त ऑइल ओढलं की प्रेशर पडत होतं आणि इंजिन बंद ठेवलं की सुधारत होतं. म्हणजे काहीतरी जाळीवर जाऊन चिकटत होतं, आणि ओढ थांबली की गळून खाली पडत होतं. घोटीचा चहा म्हणजे जाळी मोकळी व्हायला मिळालेला वेळ.

चेंबर उतरवलं. जाळीचा निम्म्याहून जास्त भाग बुजलेला. काळे कडक कोळशासारखे कण, आणि त्यांच्यात अडकलेले करड्या रंगाचे लवचिक तुकडे, अगदी मोडलेल्या शेवयांसारखे. मामांनी एक तुकडा बोटांत चुरून दाखवला. गॅस्केट मेकर, म्हणजे सांधा गळू नये म्हणून लावतात ती ट्यूबमधली पेस्ट. कधीतरी कोणीतरी चेंबर गळतं म्हणून ते काढून परत चिकटवताना ट्यूब सढळ हाताने पिळली होती. बाहेरच्या बाजूला जेवढं फुगून येतं तेवढंच आतही फुगतं. बाहेरचं पुसता येतं, आतलं सुटून ऑइलमध्ये फिरत राहतं.

काळे कण आले कुठून, तर जुन्या मालकाने ऑइल बदलायला केलेली टाळाटाळ आणि माझ्या छोट्या फेऱ्या. इंजिन पूर्ण तापलं नाही की पेट्रोलचा अंश आणि बाष्प ऑइलमध्येच राहतं, त्याचा चिकट गाळ तयार होतो. आणि जे मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं: एप्रिलमध्ये सर्व्हिसच्या वेळी "इंजिन फ्लश करून घ्या, आतून स्वच्छ होईल" म्हणून मी पैसे भरून फ्लश करवून घेतला होता. वर्षानुवर्षं भिंतींना चिकटून बसलेला गाळ त्याने सोडवला आणि जाळीवर आणून बसवला. एप्रिलमध्ये फ्लश, जुलैमध्ये पहिली लाईट. ऑइल वेळच्या वेळी बदललेल्या इंजिनाला फ्लशची गरज नसते, आणि गाळ साचलेल्या इंजिनात चेंबर न उघडता फ्लश मारणं धोक्याचं आहे. यात माझं मत पक्कं झालंय.

चेंबरच्या तळाशी मामांनी लोहचुंबक फिरवला, मग उरलेलं ऑइल पांढऱ्या फडक्यावर ओतून उन्हात धरलं. चांदीसारखी किंवा तांब्यासारखी चकाकी दिसली असती तर बेअरिंग सोलायला लागली असा अर्थ होता. चकाकी नव्हती. त्या फडक्याकडे बघताना मी श्वास रोखून धरला होता.

नवी जाळी, पंपाला जोडणाऱ्या नळीची नवी ओ-रिंग (जुनी प्लॅस्टिकसारखी कडक झाली होती, अशा रिंगमधून पंप हवाही ओढतो), नवा फिल्टर, ड्रेन बोल्टला नवा वॉशर, मॅन्युअलप्रमाणे ५डब्ल्यू-३०. सगळं मिळून सात हजारांच्या आत. परत गेज लावलं. गरम आयडलिंगला १.३, तीन हजारावर साडेतीन, आणि पाच मिनिटं धरूनही काटा जागचा हलला नाही.

तुमच्या गाडीत कारण दुसरं असू शकतं

म्हणून मामांचे प्रश्न स्वतःला विचारा. लाईट कधी लागते, यातच निम्मं निदान आहे.

फक्त वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर क्षणभर चमकते, सप्तशृंगी गडाच्या वळणांवर चमकते आणि सरळ रस्त्यावर नाही, तर ऑइल खरंच कमी असण्याची शक्यता मोठी. ऑइल एका बाजूला सरकतं आणि जाळी उघडी पडून पंप हवा ओढतो. पट्टी बघा, भरा, आणि मग दर पाचशे किलोमीटरला नोंद ठेवा. खाली डाग नसेल, रेस दिल्यावर निळसर धूर असेल, तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल जळतंय.

रोज सकाळी पहिल्यांदा चालू करताना तीन-चार सेकंद राहते आणि मग दिवसभर नाही, तर आधी फिल्टर बघा. चांगल्या फिल्टरमध्ये रबराची झडप असते, ती रात्रभर ऑइल धरून ठेवते. नकली किंवा चुकीच्या फिल्टरमध्ये ती नसते किंवा निकामी असते. फिल्टर आणि ऑइल बिलासकट घ्या.

भरपूर तापल्यावर फक्त आयडलिंगला लुकलुकते आणि रेस दिली की जाते, तर कारणं अनेक: पातळ झालेलं ऑइल, चुकीचा ग्रेड, उघडा अडकलेला रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडून देणारी झडप), झिजलेला पंप, ढिली बेअरिंग, किंवा माझ्यासारखी जाळी. इथे गेजशिवाय बोलणारा अंदाजच बोलतोय. पट्टीचा वासही घ्या. पेट्रोलचा भपकारा आला तर इंधन ऑइलमध्ये मिसळतंय. बीएस-६ डिझेल गाडी रोज तीन-चार किलोमीटरच चालत असेल, तर धुराच्या वाटेवरच्या फिल्टरमधली काजळी जाळायची क्रिया अर्धवट राहते आणि जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. पट्टीवर ऑइल वरच्या खुणेच्या वर गेलेलं दिसेल. वाढलेलं ऑइल ही चांगली बातमी नाही, ते लगेच बदलायला हवं. ऑइल दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर कूलंट आत शिरतंय, गाडी चालवू नका.

ऑइल बदलून आणल्याबरोबर लागायला लागली तर आधी गॅरेजलाच परत जा. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनला चिकटून राहतं आणि त्यावर नवा बसवला की दोन रबरांमधून ऑइल उसळतं. गरजेपेक्षा जास्त भरलेलं ऑइलही वाईट. क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि पंप फेस ओढतो.

गेजवर प्रेशर उत्तम आणि तरी लाईट, तेव्हाच स्विच किंवा वायर. जुन्या साध्या गाड्यांत स्विचची वायर काढल्यावरही लाईट पेटून राहिली, तर ती वायर कुठेतरी सोलून बॉडीला टेकलीय. नव्या गाड्यांत मधे कंट्रोल युनिट असतं, तिथे ही युक्ती चालेलच असं नाही.

काही इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच भिजत फिरतो. बेल्ट जुना झाला की त्याचे बारीक तुकडे जाळीवर बसतात, लक्षणं अगदी माझ्या गाडीसारखी. तुमच्या गाडीत तसा बेल्ट आहे का, हे मॅन्युअल बघून किंवा विचारून घ्या.

गॅरेजमध्ये गाडी देताना एवढंच म्हणा: "स्विच बदलायच्या आधी गेज लावून गरम इंजिनचं प्रेशर दाखवा, आयडलिंगला आणि तीन हजारावर, मिनिटभर धरून." काट्याचा फोटो काढून ठेवा. गेज नाही म्हणाले तर दुसरं गॅरेज बघा. अंबड, सातपूर, द्वारका, नाशिकरोड, कुठेही गेज असलेला मिस्त्री सापडतो.

मामांनी हजार किलोमीटरला पुन्हा ऑइल बदलायला सांगितलं होतं, आत उरलेला गाळ निघून जावा म्हणून. ते केलं. निघालेलं ऑइल पहिल्यापेक्षा स्वच्छ होतं, गाळणीवर शेवयांचे दोनच तुकडे. इथून पुढे सहा महिने किंवा पाच हजार, जे आधी होईल ते. मॅन्युअलमध्ये वर्ष किंवा दहा हजार लिहिलंय, पण माझ्या छोट्या फेऱ्यांना ते लागू नाही. दर रविवारी सकाळी गाडी गार असताना पट्टी बघतो आणि तारीख, किलोमीटर, पातळी डॅशबोर्डमधल्या वहीत लिहितो. मुलगी टॉर्च धरते.

त्यानंतर कसारा घाट सहा वेळा चढलोय, दोनदा मुद्दाम घोटीला न थांबता. मुंबई नाक्याच्या सिग्नलला नजर अजून मीटरवरच असते. चावी फिरवली की किटली पेटते, इंजिन सुरू झालं की दोन सेकंदांच्या आत विझते. चावी फिरवल्यावर ती पेटते की नाही हेही तुम्ही रोज बघा. पेटलीच नाही तर मीटरमधला बल्ब, वायर किंवा स्विच गेलाय, आणि प्रेशर गेलं तरी तुम्हाला सांगायला कोणी नाही.